पैठणला सोडलेली फाईल

लक्ष्मीबाईच्या नवऱ्याच्या, रामकिसनच्या दहाव्याला तिचे दीर आप्पासाहेबांनी पैठणला त्याचे कपडे गंगेत सोडले, अन् त्याच पिशवीत दवाखान्याची फाईलही सोडली. "मेलेल्याचं दुखणं घरात कशाला?" असं ते म्हणाले. लक्ष्मीबाईनंही पाण्याला हात जोडले होते.

दोन वर्षं भरत आली तेव्हा वकील सोनिया मॅडमपुढं बसून तिला ती पिशवी आठवली. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नवरा चालत गेला होता. पोटात पू झाला. चार दिवस तो कण्हत होता, पण डॉक्टर फिरकले नाहीत.

"कागद?"

"गंगेत सोडले."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. तुमचे एकवीस दिवस राहिलेत."

लक्ष्मीबाईनं रिक्षात घोकलेलं विचारून टाकलं, "तुमचं किती व्हईल? शहागंजातले वकील म्हणत्यात, जिंकल्यावर निम्मे द्यायचे."

"निम्मे मागणाऱ्यापुढून उठून यायचं. ते कायद्यात बसत नाही. माझे पंचवीस हजार, तीन हप्त्यांत. दवाखान्याचं बिल पाच लाखांच्या आत आहे, म्हणून आयोगाची फी लागत नाही. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत घ्यावं लागेल, त्याचे वेगळे. आणि हरलो तर माझे पैसे परत नाहीत. हे आत्ताच ऐकून घ्या."

साडीच्या फॉलला वीस रुपये मिळवणाऱ्या बाईनं मनातल्या मनात साड्या मोजायला घेतल्या आणि मोजणं सोडून दिलं.

"हॉस्पिटलनं कागदांची नक्कल तीन दिवसांत द्यायची असते. हा अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका."

त्या दवाखान्याची पायरी ती तेव्हापासून चढली नव्हती. देवाचं नाव घेत चढली. खिडकीतल्या माणसानं अर्जाकडं न बघताच सांगितलं, "पेशंटला आणा. सही लागंल."

"त्यांना तुमच्याच गाडीत घालून दिलं व्हतं, भाऊ."

त्यानं अर्ज बाहेर सरकवला. मग म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

उद्या आलं की वीसच दिवस. ती खिडकीला धरून उभी राहिली.

"ओ मावशी, सरका की! घर बांधता का इथं?" रांगेतला मागचा ओरडला.

"शिक्का मिळू द्या, सरकते."

तासाभरानं साहेब आले, तिच्याकडं न बघता शिक्का आपटून गेले.

शाई ओली होती. पदरानं टिपावी तर पुसायची भीती. तो कागद दोन्ही हातांत उघडा धरून ती पायऱ्या उतरली, वाऱ्याकडं पाठ करून.