सगळ्या वह्यांत ४.७६

त्या माणसाचा मला अजून संताप येतो. केजहून युसूफ वडगावला जाणाऱ्या जीपमध्ये तो शेजारी बसला होता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो म्हणाला. माझ्या मांडीवर माझ्या वर्गातल्या मुलांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगवह्या होत्या आणि कॉलेजात तपासणी येणार म्हणून नुकतीच घेतलेली सोडियम ॲसिटेटची बाटली. त्यानं न विचारता वही ओढली आणि आम्लता स्थिर ठेवणाऱ्या बफर द्रावणाच्या गणितावर पिवळं नख टेकवलं.

"सर, बाटलीवर रेणुभार एकशे छत्तीस छापलंय. ह्या स्फटिकांत पाणी असतंय. तुमी बिनपाण्याचा ब्याऐंशी धरला."

"चुकलं असेल," मी तडकलो.

"चुकू द्या की. पर तेवढंच घातलं तर पीएच साडेचारच्या आसपास यायला पायजे. मग समद्या वह्यांत चार पूर्णांक शहात्तर कुठून आलं? द्रावण केलतं का कुनी?"

जीपमधले लोक बघायला लागले. मी वही हिसकावली. उतरताना त्यानं बाटलीच्या न फोडलेल्या सीलवर टिचकी मारली.

"हीच पोरं उद्या आमच्याकडं कामाला येतेत."

एवढा आगाऊपणा कशाला? मुलांनी एकमेकांचं काहीच चोरलं नव्हतं. ४.७६ फळ्यावर मीच लिहून दिलं होतं.