डोंगरमाथ्यावरचा साकव

जेवण झाल्यावर मी आडवी होते ती झोपायला नव्हे, भांडायला. भांडण माझं माझ्याशीच चाललंय. खोलीत एसी घरघरतोय, पडद्याच्या फटीतून लंकावीचं पांढरंफटक ऊन आत येतंय आणि खिडकीतून तो डोंगर दिसतोय, ढगात अर्धा बुडालेला. त्याच्या माथ्यावर माणसांनी चालायचा पूल आहे. एकाच खांबाच्या आधाराने तारांवर लोंबकळणारा, खाली नुसती दरी. आमची अख्खी सहल त्या पुलासाठी या बेटावर आलीय. सकाळी ढग उतरले म्हणून रोपवे बंद होता, आता दुपारच्या चहानंतर जायचंय. मी मात्र सहलप्रमुखाला सांगून टाकलंय, मला धरू नका, मी खालीच बसेन.

शेजारच्या पलंगावर मंगळवेढेकरबाई घोरतायत. सोलापूरच्या, सहलीने जोडून दिलेल्या. बाई चांगल्या आहेत, पण तो पलंग खरा वन्संचा.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, द्वारका. लग्न न करता माहेरीच राहिली आणि माझ्याशी जन्मभर भांडली, हसली, पापड लाटत बसली. हा पूल तिनेच एका माहितीपत्रकात पाहिला आणि ओरडली, "अगो शरयू, साकव बघ केवढा!" आमच्या कोकणात पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीची खोडं टाकून गावकरी साकव घालतात, तेवढाच पूल तिला ठाऊक. सहलीच्या ऑफिसातल्या मुलीला तिने गंभीरपणे विचारलं, "दर मिरगाआधी नवा घालतात का हो हा?" पासपोर्ट आला आणि चैत्रात वन्सं गेली. त्यानंतर मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मुलाने बळेबळे विमानात बसवलं म्हणून इथे आहे.

डोळा लागतोय, लागत नाही. एसीची घरघर हळूहळू पाण्याची होते.

मी अनवाणी कॉरिडॉरमध्ये उभी आहे. लिफ्टचं दार उघडतं, आत रोपवेचा पाळणा आहे आणि पाळण्यात वन्सं बसलीय. मांडीवर पिशवी, डोक्याला तपकिरी कानटोपी.

"कानटोपी कशाला हो वन्सं? घामाने माणूस विरघळतंय इथे."

"वर गार असतं. वाचलं नाहीस? बस आधी, दार लागेल."

मी बसते. तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागतो. उबदार आहे. पाळणा सुटतो, खाली जंगल सरकायला लागतं.

"वन्सं, तुम्ही गेलात ना हो चैत्रात?"

"निघाल्ये," ती म्हणते. "पोचल्ये कुठे?"

मला नीटसं कळत नाही. खाली बघते तर जंगल संपलंय आणि आमच्या घरामागची पोफळीची बाग आहे. विहीर आहे, दोरीवर माझीच हिरवी साडी वाळतेय. ती काढायची राहिली असं मला वाटतं आणि पाळणा उंच उंच चढत राहतो.

"साडी राहू दे," वन्सं म्हणते. "तुझं लक्ष नेहमी मागे."

दार उघडतं. आम्ही पऱ्याच्या काठावर उतरतो, पण पऱ्यात पाणी नाही, ढग वाहतायत. समोर तोच पूल, माहितीपत्रकातला, वाकडं वळण घेत धुक्यात शिरणारा. दोन्हीकडे पोलादी तारा आहेत, पायाखाली मात्र पोफळीची खोडं आणि हाताला धरायला आडवा बांबू. माझे पाय जमिनीला चिकटतात.

फलटणची मुलगी मी, साकव कधी पाहिलेला नव्हता. वरात पऱ्याशी आली तेव्हा मी शालूसकट खाली बसले होते. सगळे हसले. वन्सं तेवढी पुढे आली, माझे दोन्ही हात धरले आणि उलट्या पावलांनी चालत मला नवऱ्याच्या घरी घेऊन गेली.

"या वेळी पण तसंच करा," मी म्हणते. "तुम्ही पुढे चला, मी येते."

"नाही गो. या वेळी मी अलीकडे."

आमच्या वाडीत साकवाची रीत आहे. निघणाऱ्याला साकवापर्यंत पोचवायला जायचं. तो पलीकडे उतरून "पोचलो" अशी हाक देईपर्यंत अलीकडच्याने पाठ फिरवायची नाही. पाऊस असो, चुलीवर दूध असो. वन्संचं दूध या रीतीपायी कितीदा उतू गेलं असेल! मी माहेरी निघाले की ती तशीच उभी असायची, डोळ्यांवर आडवा हात धरून.

आत्ताही ती तशीच उभी राहते. पिशवी खाली ठेवते.

"मला नाही जायचं पलीकडे," मी म्हणते. "तुमच्याशिवाय कुठे पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलंय. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून तसं सांगितलं होतं की तुम्हाला."

"ऐकलं होतं. म्हणून तर घोळ झालाय."

"कसला घोळ?"

"तू साकवावर उतरत नाहीस, पलीकडे पोचत नाहीस, हाक देत नाहीस. मी पाठ कशी फिरवणार? चैत्रापासून उभी आहे शरयू. पाय मोडले माझे."

मला वाटलं होतं, तिच्यासाठी मी थांबलेय. भजनाचा वर्ग सोडला, संध्याकाळचं फिरणं सोडलं, तिची खुर्ची गॅलरीतून हलवू दिली नाही, आणि मनातून स्वतःचं कौतुकही केलं, बघा, किती माया माझी! आणि ही इथे ताटकळतेय. मला रडू येतं, त्याहून जास्त राग येतो. माणसाने मेल्यावर तरी सरळ निघून जाऊ नये का?

"जा की मग! रीत-बीत कसली आता? फिरवा पाठ!"

"तू माझ्या जागी असतीस तर फिरवली असतीस?"

नसती फिरवली. तिला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे.

"तिकडे तुमचं कोण आहे?" मी विचारते.

"आई आहे. तुझा नवरा आहे, अजून चहा गार झाला म्हणून कुरकुरत असेल. मला जायचंय गो."

ती असं कधी काही मागत नाही. सबंध जन्मात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी पदर खोचते आणि पहिल्या खोडावर पाय ठेवते.

खोड ओलं आहे. पूल हलतो, खालचे ढग फाटतात आणि खूप खाली समुद्र दिसतो, हिरवा, माझ्या त्या साडीसारखा. मी बांबू घट्ट धरते आणि सरकते. थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. वळण काही संपत नाही. डावीकडे आमच्या स्वयंपाकघराचं दार लागतं, आत कुणीतरी कप विसळतंय. मी आत जात नाही.

मागे वळून बघते. वन्सं बोटाएवढी झालीय, पण कानटोपी ओळखू येते.

"मागे बघू नको!" ती ओरडते. "पुढे बघ!"

मनात येतं, इथूनच खोटी हाक द्यावी. धुकं आहे, तिला काय कळणार? ती सुटेल, मी पण सुटेन.

"पोचले!" मी ओरडते. "वन्सं, पोचले हो!"

"खोटारडे!" दरीतून आवाज येतो. "मला दिसत्येस तू! चाल!"

हसू फुटतं आणि त्याच क्षणी पाय घसरतो. मी बांबूला दोन्ही हातांनी लटकते, तळहातात काहीतरी कच्चकन शिरतं. पलीकडचा काठ दिसत नाही, पण आहे. असणारच. मी पुन्हा पाय टेकते.

"ताई! ओ ताई!"

मंगळवेढेकरबाई माझ्यावर वाकल्यात. पावडर लावून, पर्स काखेत घेऊन तयार आहेत.

"काय ओरडताय ओ झोपेत! पोचले, पोचले म्हणून. कुठं पोचला?"

"नाही पोचले अजून," मी म्हणते आणि उठून बसते. खोलीत एसी घरघरतोय. तळहात ठणकतोय. उजेडाकडे धरून बघते तर अंगठ्याच्या खाली कूस रुतलीय, बांबूची, हिरवट, चांगली नखाएवढी, आणि तिच्याभोवती रक्ताचा थेंब जमलाय. या खोलीत सगळं काच, लोखंड आणि प्लास्टिक. मी पलंगाखालीसुद्धा वाकून बघते.

"अगं बाई, काय रुतवून घेतलं हे? थांबा, सुई आहे माझ्याकडं. काढते."

"राहू दे," मी मूठ मिटते. "आल्यावर काढू."

मी बूट शोधते, नाड्या बांधते, दोनदा गाठ मारते. खाली बसचा हॉर्न वाजतो. मंगळवेढेकरबाई दारात थांबून माझ्याकडे बघत राहतात.

"तुम्ही येणार नव्हतात की ओ वर?"

"चला लवकर," मी म्हणते. "माझं माणूस खोळंबलंय."