फरशीला पाना चालत न्हाई

किस्से मी काही गोळा करत न्हाई. शाळा सुटल्यापून मी काहीच गोळा केलं न्हाई! पण हिंगोलीच्या एस्टी वर्कशॉपातले माणसं आमच्या घरी जमले की किस्से आपोआप साचतेत, वंगणाच्या चिंध्या साचतेत तसे. कोणी टाकल्या ते कळत न्हाई, अन् उचलाय गेलं की आपलेच हात काळे.

यंदा साचले ते सगळे फरशीचे. दोस्तायला सांगितले तर ते पोट धरून हसले. मी बी हसलो. पण मला मधीच हसू थांबतं, त्याला काय करावं!

झालं असं की मही ताई वसमतला दिलेली. पहिलं लेकरू व्हणार, म्हणजे बाळंतपण माहेरी. ताईला न्यायला आई गेली तर विहीणबाई म्हणली, "तुमच्या घरात सारवलेली जमीन. पावसाळ्यात वल धरती. तिथं का मह्या सुनंला झोपवता? आधी फरशी टाका, मंग लेक न्या."

आई रिकाम्या हातानं आली. अण्णा, म्हणजे महा बाप, वर्कशॉपात मेकॅनिक. ऐकून घेतलं अन् म्हणला, "टाकू की!"

गवंडी एक बी मोकळा न्हाई, सगळे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कामाला गेलेले. अण्णा म्हणला, "गवंडी कशाला? आमी इंजन खोलून जोडतो. फरशी तर चपटी हाय!"

*

शहाबादी फरशी आली. दुकानात अण्णासंगं मी गेलो. दुकानदार भला माणूस. म्हणला, "मिस्त्री, थापी देऊ का? पाणसळ? गुण्या?"

अण्णा म्हणला, "हत्यारं घरी हायेत."

घरी येऊन त्यानं पेटी उघडली. बारा नंबरचा पाना, चौदा नंबरचा पाना, पक्कड, प्लग खोलायचा पाना, अन् हे एवढा हातोडा! आई पेटीत वाकून बघती अन् म्हणती, "अवं, ह्यातलं फरशीला काय लागतं?"

अण्णानं डोकं खाजवलं. "ते फरशी आल्यावर कळंल."

"फरशी आलीय."

"मंग आता कळंल!"

*

कळलं! पहिलीच फरशी बसवली अन् अण्णानं तिला वरून हातोडा दिला, ब्रेकड्रमला देतेत तसा. फरशीचे दोन तुकडे.

टायर खात्यातले रहीमचाचा दाढी खाजवत उभे व्हते. म्हणले, "अरे बाबा, ये फर्शी है, इसको समझा के बिठाना पडता!"

चाचानं मंग सोताचं हत्यार बनवलं. कंडम टायरचा जाड तुकडा कापला, त्याला बाभळीचा दांडा ठोकला. रबरी हातोडा! लई झाक दिसून राहिला व्हता. अण्णानं तो जोरात फरशीवर हाणला. फरशीला काहीच झालं न्हाई. हातोडा मातर जसा गेला तसाच वापस आला अन् अण्णाच्या कपाळाला बसला.

चाचा खुश! "देखा? कंडम टायर में भी कितनी जान है!"

अण्णा कपाळाला हळद लावून बसला. तितक्यात वसमतच्या गाडीचा कंडक्टर दारात. आमच्यात पोस्टाचं काम न्हाई, सगळे निरोप गाडीवर येतेत. तिकीट फाडता फाडता कंडक्टर निरोप घेतो अन् डेपोत आला की देतो.

"जयभीम मिस्त्री! विहीणबाईनं इचारलंय, फरशी कुठवर आली?"

अण्णा म्हणला, "आली म्हणावं."

कंडक्टरनं वाकून बघितलं. एक फरशी, अन् ती बी दोन तुकड्यात. पण चांगला माणूस तो. म्हणला, "सांगतो. सुरुवात जोरात हाय म्हणतो."

*

पाणसळ काहून घेतली न्हाई, त्याचा किस्सा येगळाच. पाणसळ म्हणजे लाकडाची पट्टी, मधी काचेत बुडबुडा. बुडबुडा मधी आला की फरशी सपाट.

आमचे मारोतीकाका डरायवर. ते म्हणले, "काचेवर कशाला भरवसा ठिवता? मी आख्खी उमर ष्टेरिंगवर बसलो. गाडी बोटभर कलली तरी मला बसल्या जागी कळतं!"

अन् खरंच प्रत्येक फरशीवर जाऊन बसायले लागले. डोळे मिटून. हात पुढं, ष्टेरिंग धरल्यावाणी.

"डावीकडं उतार हाय."

अण्णानं डावीकडं खाली सिमेंटचा माल भरला.

"आता उजवीकडं."

उजवीकडं भरला.

"आता घाटात हाय गाडी!"

आई सैपाकातून वरडली, "मारोतीभाऊ, तुमी उठा तिथून, तुमच्याच वजनानं दबून राहिली ती!"

मंग पाणसळ आणली. बुडबुडा एका कडंला जाऊन बसला. मारोतीकाकानं ती हातात घेतली, हालवली, उन्हात धरली अन् म्हणले, "बाटली खराब हाय."

*

आता ह्यात महा हात किती? थोडाच. पाणसळ आल्यावर मला गप बसवलं न्हाई. खिशात एक जुनं तिकीट व्हतं. त्याची घडी केली अन् अण्णा पाणी प्यायला गेला की पाणसळीच्या एका टोकाखाली सरकवली.

अण्णा आला. बुडबुडा बघितला. फरशी उचलली, माल खरडला, परत बसवली. तोवर मी तिकीट दुसऱ्या टोकाला! परत उचलली. मी तोंडात रुमाल कोंबून बसलो. दुपार झाली तरी एकच फरशी चालू. घमेल्यातला माल वाळून दगड झाला, तवा रहीमचाचानं पाणसळ उचलली अन् तिकीट घावलं.

चाचानं चष्मा लावून वाचलं, "हिंगोली ते सेनगाव. हाफ." मंग मह्याकडं बघून म्हणले, "मैं भी कहूँ, ये फर्शी ठैरती कायको नै! ये तो सेनगाव जा रही थी!"

सगळे हसले. अण्णा बी हसला. फकस्त आई हसली न्हाई. ती म्हणली, "आजचा दिवस गेला."

तवा मला ते लई लहान वाटलं. एक दिवस म्हणजे काय!

*

गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार. तो शेजाऱ्याकडून मागून आणला. अण्णानं तो कोपऱ्यात लावला तर भिंत अन् गुण्याच्या मधी मांजर जाईल एवढी फट!

अण्णा म्हणला, "गुण्या बराबर हाय. भिंत वाकडी हाय."

मारोतीकाका म्हणले, "मंग भिंतीच्या अंदाजानं फरशी लावा."

"वाकड्या भिंतीचं मी काहून ऐकू?"

ह्याच्यावर दोघं इतके भांडले की चहा गार झाला. इंजनात सूतभर फरक चालत न्हाई, घरात काहून चालल, असं अण्णाचं म्हणणं. शेवटी आई बाहीर आली, कमरेला पदर खोचून.

"पाडा भिंत! अन् लेकीला अंगणात बाळंत करा!"

भिंत राहिली. त्याच सांजंला कंडक्टर आला. "विहीणबाई म्हणली, पोरीला आठवा सरत आला. उशिरा गाडीत बसवणार न्हाई म्हणली."

अण्णानं गुण्या पुसून शेजाऱ्याला वापस दिला.

*

घाई झाली की माणूस भारी भारी हत्यारं काढतो. मधली एक फरशी खचली व्हती. उचलून खाली माल भरावा, एवढंच काम. पण तितका येळ कोणाला? मारोतीकाकाचा मेव्हणा सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवतो, त्याचा जॅक काकानं आणला.

"गाडी उचलतो, फरशी काय!"

बाजूची जागा उकरली, जॅक आत सारला, दांडा मारला. फरशी अशी अलगद वर आली की तिघायनं टाळ्या वाजवल्या! बराबर लेव्हलला आली. लगेच बाजूनं माल भरला, वरून पुढची फरशी ठोकली. झालं!

मंग मी इचारलं, "अण्णा, जॅक?"

जॅक खाली. फरशीला धरून उभा.

काढायचा तर फरशी काढावी लागती. फरशी काढायची व्हती तर जॅक कशाला लावला, हे कोणाला सांगता येईना. चाचा म्हणले, "रैने दो. मजबूत काम हो गया."

अन् तिकडं मेव्हण्याची जीप पंक्चर! सवाऱ्या खाली, मेव्हणा जॅक धुंडाळून राहिला. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत आमच्या घरी आला. घामानं भिजलेला. मारोतीकाकानं त्याला नेऊन त्या फरशीवर बसवलं अन् म्हणले, "सांग, कुठं उतार वाटतो का?"

"न्हाई."

"तुहाच जॅक हाय!"

दोन फरश्या फोडून जॅक काढला. आणखी एक रविवार गेला. ह्या माणसायला सुट्टी रविवारचीच, हे सांगायचं राहिलं.

*

शेवटची ओळ दाराजवळची. आमचं दार आतल्या अंगानं उघडतं. कोंबड्या वल्या मालावर नाचतेत म्हणून अण्णानं आतून दार लावून घेतलं. आत तिघं अन् मी. त्या दिवशी कोणी भांडलं न्हाई. पाणसळ पहिल्या झटक्याला बराबर आली. मारोतीकाका बसून बघतो म्हणले न्हाईत. मी बी माल कालवला, नुसता माल कालवला. ताईला आणायला अण्णा सांजच्या गाडीनं निघणार व्हता. त्याचा धुतलेला सदरा खुंटीवर टांगलेला.

शेवटची फरशी उंबऱ्याला भिडली. रबरी हातोड्यानं अण्णानं तिला चार ठोके दिले, लेकराला थोपटावं तसे. उठून उभा राहिला. खोलीभर नजर फिरवली.

"झाली," म्हणला.

बाहीर आवाज आला. कंडक्टर वरडत येऊन राहिला व्हता, "मिस्त्री! ओ मिस्त्री! पोरगी झाली! पहाटं झाली, वसमतलाच! दोघी बी बऱ्या हायेत!"

अंगणात आईनं हातातलं भांडं टाकल्याचा आवाज आला. मंग ती दाराशी आली अन् दार ढकलायली. दार हालंना. "अवं, ऐकलं का? उघडा की दार!"

अण्णानं आतून कडी काढली अन् वढलं. दार बोटभर आलं अन् थटलं. आम्ही चौघं खाली बघायलो. नवी फरशी दाराच्या बुडापेक्षा वर आली व्हती.

कोणालाच हसू आलं न्हाई.

आई खिडकीवर गेली. कुठून तरी गूळ आणला व्हता. अण्णाचे दोन्ही हात सिमेंटनं भरलेले, म्हणून तिनं गजातून हात घातला अन् खडा त्याच्या तोंडात दिला. ती रडत व्हती का हसत, मला आतून दिसलं न्हाई.

रहीमचाचानं कोपऱ्यातला मोठा हातोडा उचलला अन् दाराजवळच्या फरशीवर धरला. "हट मिस्त्री, दो मिनट में खोलता. तेरी गाडी निकल जाएगी."

अण्णानं गूळ गिळला.

"फोडू नका, चाचा. आता काय घाई हाय?"