सरांना न मारता आलेला चेंडू

पूर्णेत माझ्या मुलीला बेसबॉल शिकवणारे सर कधी ओरडत नाहीत. कुणाचा चेंडू हुकला, की टोपी मागे सारून विचारतात, "काय दिसलं गं तुला?"

परवा मुलगी तीनदा हुकली. "मला न्हाई जमत, मी येत न्हाई उद्यापासून," म्हणत तिनं बॅट फेकली. सरांनी ती उचलली. "आता तू टाक, मी मारतो."

तिनं रडत, रागानं चेंडू टाकले. सरांना एकही मारता आला नाही. पोरी खदखदून हसल्या, सरही हसले. मुलीनं डोळे पुसून बॅट परत मागितली.

निघताना मी हळूच विचारलं, "सर, मुद्दाम हुकवले ना?"

"न्हाई ओ ताई," सर लाजले. "लय जोरात टाकायलीय तुमची पोरगी. तिला चेंडू टाकायलाच उभी करतो."