दोनशे नव्वदवरची खूण

“डबल करो ने तीस मिलाओ, बस हो गया.”

मास्टर हे मशीनवरच्या काकांना सांगत होते. मी लॅबच्या दारात हिरव्या कापडाचे दोन तुकडे उजेडात धरून उभी होते. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या डाइंग मिलमध्ये मला लागून चार महिने झाले होते. लहान भांड्यांत रंग जुळवून देणं एवढंच माझं काम. बाहेर मोठ्या मशीनवर काय करायचं ते मास्टर ठरवायचे.

आदल्या दिवशी मशीनचा तापमानाचा काटा बिघडला होता. फिटरने सकाळी भंगारातून दुसरा आणून बसवला. त्यावर नुसतं फॅरनहाइट होतं. पॉलिस्टर एकशे तीस सेल्सिअसला रंगतं, हे काकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण या नव्या तबकडीवर एकशे तीस कुठे, ते त्यांना कळेना.

मास्टरांची मुलगी अमेरिकेत असते. रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर तिकडची हवा किती, इकडची किती, यावर दहा मिनिटं जातात. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायची ही दुपटीची युक्ती जावयाने शिकवलेली. काकांनी लाल रंगात बोट बुडवलं आणि तबकडीच्या काचेवर दोनशे नव्वदपाशी टिकली लावावी तशी खूण केली.

मी आत येऊन बसले. रंगाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: एकशे तीस गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस. दोनशे सहासष्ट. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग वाटलं, सूत्रच चुकीचं आठवत असेल. उकळतं पाणी शंभर म्हणजे दोनशे बारा, हे शाळेत पाठ केलेलं. माझ्या सूत्राने बरोबर दोनशे बाराच आलं. मास्टरांच्या युक्तीने दोनशे तीस. तीस अंशांची हवा त्यांच्या युक्तीने जेमतेम चारने चुकते, फोनवर कोणाचं काय बिघडणार? पण जितकं वर जावं तितकी चूक वाढत जाते. दोनशे नव्वद म्हणजे एकशे त्रेचाळीस सेल्सिअस. मशीनच्या पाटीवर लिहिलं होतं, एकशे पस्तीसच्या वर नेऊ नये.

बंद झाकणाखाली वाफेने तापवलेलं, दाबाखालचं पाणी. आणि कापड गुंतत तर नाही ना, हे बघायला काका त्या झाकणाशेजारच्याच काचेला डोळा लावून उभे राहतात.

मी उठले. काटा एकशे नव्वदवर होता. परत बसले. मास्टर तीस वर्षं रंगात आहेत. मी मोबाइलवर हिशेब लिहून त्यांना पाठवला. फोन त्यांच्या खिशात वाजला. त्यांनी वरूनच चाचपला आणि फिटरशी बोलणं चालू ठेवलं. मी तुकडे उगाच पुन्हा मांडले, पाणी प्यायले, परत दारात गेले. दोनशे वीस.

मी कधीची चकरा मारतेय, इकडे काकांचं लक्ष गेलं. ते धुळ्याकडचे, नवागामला आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात.

“काय व्हयनं बेटी? चक्कर मारी ऱ्हायनी कवयनी.”

“काही नाही.”

“पोर इंग्लिशमा शिकनी, पन तोंड उघडस नही,” ते फिटरला म्हणाले. फिटर हसला. मास्टरही हसले.

मीही हसले, आणि आत आले. माझे आकडे इंग्रजीत चालतात. सहासष्ट आणि शहात्तर यांत मी अजून अडखळते. चारचौघांत चुकीचा आकडा तोंडातून गेला की मग बरोबर आकडाही कोणी ऐकून घेत नाही, हे मला वर्गापासून माहीत. म्हणून मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 266 लिहिलं. काकांच्या हातात ठेवून यायचं, बोलायचं नाही. पण बाहेर मास्टर त्यांच्या अगदी खांद्याशी उभे होते. चिठ्ठी दिली असती तर काकांनी ती मास्टरांनाच दाखवली असती. मी ती मुठीत चुरगाळली. घामाने शाई बोटांना लागली.

काटा दोनशे पन्नासवरून सरकत होता. हळू सरकतो, म्हणूनच त्याच्याकडे बघवत नाही. दोनशे साठ. दोनशे सहासष्ट. कोणीच हललं नाही. खूण अजून लांब होती. झाकणाच्या कडेतून बारीक सूं असा आवाज येऊ लागला, आणि काका खांद्यावरच्या फडक्याने झाकणाशेजारची काच पुसायला पुढे वाकले.

मी किती पावलं चालले ते आठवत नाही. काकांची बाही माझ्या हातात होती आणि मास्टर माझ्याकडे बघत होते.

“काका, मागे या. वाफ बंद करा,” मी म्हणाले. “एकशे तीस होऊन गेलंय. मास्टर चुकलेत.”