डोळे शेवटी

पोळ्याआधी नांदेडच्या बाजारात रस्त्याकडेला एक बाई मातीचे बैल रंगवत बसायची. अंग, शिंगं, झूल सगळं झालं की अख्ख्या रांगेला ती एकदम डोळे द्यायची.

एकदा मी थांबून तिला माझा ड्रॅगन दाखवला. पटावरच्या खेळातली ही अंगठ्याएवढी प्लास्टिकची सोंगटी. अशा सोंगट्या रंगवायचा मला नाद आहे, पण याचे डोळे मी तीनदा बिघडवून पुसले होते.

"डोळे पहिले काढता का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग हात कापणारच! डोळे दिले की त्यो तुमच्याकडं बघून राहतो. डोळे शेवटी. आन् दम रोखून धरू नका, सोडत सोडत ब्रश टेकवा."

तिचेच रंग घेऊन मी तिथंच बसलो. शिंगं, पंख, शेपूट संपवलं, आणि श्वास सोडत सोडत डोळ्यांवर ब्रश टेकवला. दोन्ही टिपके अगदी जागेवर! मी ओरडलोच.

बाईनं ड्रॅगन उचलून बैलांच्या रांगेत सगळ्यात पुढं उभा केला. एक शेतकरी वाकून बघायला लागला.

"ह्यो कुठला बैल म्हणायचा, बाई?"

"लई लांबचा हाय," ती ऐटीत म्हणाली, "पण नजर नांदेडची!"