गाडी डावीकडे ओढते

गॅरेजात किस्से का साठतात ते मला सलीमभाई मिस्त्रीच्या आवारात कळलं. तिथे काम कमी आणि वाट बघणं जास्त. वेल्डिंगवाला जेवायला गेलेला असतो, पार्ट निघालेला असतो पण पोचलेला नसतो, लाईट तर गेलेलीच असते. मग माणसं जुन्या टायरवर बसतात आणि बोलतात. मला बसणं जमत नाही. मी फेऱ्या मारतो, मोबाईल बघतो, मोटारसायकलला किक मारून परत बंद करतो. त्यामुळे यातल्या निम्म्या किश्श्यांत मी चिडलेला सापडेन, ते तेवढं चालवून घ्या.

आमचा एकच ट्रक, तोही जुना. एरवी जालन्याच्या कारखान्यांतल्या सळया भरायच्या आणि हंगामात मोसंबी. चालवतो माझा सख्खा मामा, दत्तूमामा. गाडीला एक खोड होती. स्टिअरिंग सरळ धरलं की ती डावीकडे, रस्त्याच्या कडेला निघायची. मामा उजव्या हाताने तिला सारखा आत ओढून धरायचा. वर्षानुवर्षं असं केल्यावर शेवटी त्याचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा, नाहीतर गाडी हलकी तरी करून घ्या. पुण्यात राहणारा त्याचा मुलगा म्हणाला, सोडाच आणि इकडे या.

मामा एकदा पुण्याला राहून आलेला होता. "गॅलरीत उभं राहून दुसऱ्याच्या गाड्या बघायच्या, दुसरं काय हाय तिथं?" एवढंच त्याने सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मी ठरवलं की गाडीचा पुढचा भाग नव्याने बांधायचा. कमानी, बुश, किंगपिन, शॉकअप, सगळं. गाडी सरळ झाली तर मामा गाडीवर राहणार, नाहीतर पुणे. हंगाम तर तोंडावर आलेला.

*

पारसशेठचं पार्टचं दुकान जुन्या जालन्यात आहे. गल्ली अशी की तिथे ट्रकचे पार्ट मिळतात, पण ट्रक काही आत शिरत नाही.

मी किंगपिनचा, म्हणजे पुढची चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्यांचा, सेट मागितला. शेठनी काउंटरवर तीन डबे मांडले. एक म्हणे ओरिजिनलसारखा, दुसरा त्याच्यासारखा आणि तिसरा चालणारा. मी म्हणालो, शेठ, मला सारखा-बिरखा नको, या मॉडेलचा ओरिजिनल द्या.

शेठनी चष्मा काढून पुसला. "त्या मॉडेलचा ओरिजिनल आता एकाच ठिकाणी हाय," ते म्हणाले. "तुमच्या गाडीत. तो काढू नका, एवढं माझं ऐका."

*

सांध्यांत बसवायचे बुश पितळेचे घ्यायचे की नायलॉनचे, यावर तर महाभारत झालं. पारसशेठ नायलॉनच्या बाजूने, कारण ग्रीसची कटकट नाही. सलीमभाई पितळेच्या बाजूने, कारण पारसशेठ नायलॉनच्या बाजूने. दोघांचं फोनवर जमत नाही म्हणून मी मधल्या मधे मोटारसायकलवर निरोप पोचवत होतो. दोन्हीकडे चहा होत होता आणि बुश मात्र कुठेच बसत नव्हते.

शेवटी मी वैतागून मामालाच विचारलं, की चालवणारा तू आहेस, तूच सांग. मामाने दोन्ही बुश हातात घेऊन बघितले आणि नायलॉनचा बाजूला ठेवला.

"हे ग्रीस खात न्हाई म्हणतेत," तो म्हणाला. "मंग उपाशी माणसाकडून मोसंबी कशी वाहून घ्यायची?"

पितळेचे बसले. पारसशेठ त्यानंतर बरेच दिवस मला बिनसाखरेचा चहा देत होते.

*

चाकावरच्या डाव्या कमानीचा एक पोलादी पाटा बदलायचा होता. नवीन पाटा त्या मापाचा मिळेना, म्हणून सलीमभाई म्हणाला, भंगारात बघू. जालन्यात भंगाराला तोटा नाही. भट्टीत वितळायला कुठून कुठून माल येतो.

सलीमभाईची पाटा निवडायची पद्धत ऐकण्याची आहे. पाटा दोरीला टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि कान लावून डोळे मिटायचे. मी उन्हात उभा. एक पाटा वाजवला, नापास. दुसरा, नापास. कुणाचा आवाज फुटका, कुणाचा म्हणे थकलेला. मी म्हणालो, भाई, आपल्याला गाडी बांधायची आहे, बँडबाजा नाही.

"जल्दी असंल तर शोरूमला जा," सलीमभाई डोळे न उघडता म्हणाला.

दुपार कलली तेव्हा एक पाटा असा काही वाजला की भंगारवालासुद्धा वळून बघायला लागला. सलीमभाईने तो पाटा छातीशी धरला. असं पोलाद आता बनत नाही, मालकाला कदर नव्हती म्हणून त्याने हे विकलं, असं बरंच काही तो बोलला. मामाने पाटा उलटा केला. खालच्या बाजूला आमच्या गाडीच्या पाट्यांवर असतो तो पिवळा पट्टा होता. मागच्या कामात दम संपला म्हणून सलीमभाईनेच तो काढून भंगारात घातला होता.

मी काही बोलायच्या आत सलीमभाईने पाटा खांद्यावर घेतला. "आराम मिळाला ना त्याला," तो म्हणाला आणि चालायला लागला.

*

सगळं बसलं आणि उंची मोजायची वेळ आली. सलीमभाई बंपरपासून जमिनीपर्यंत टेप लावतो, दोन्ही बाजू सारख्या आल्या की काम पास. आमची डावी बाजू बोटभर खाली आली. त्याने डाव्या कमानीत एक पातळ पट्टी वाढवली. मग आणखी एक वाढवायला काढली.

मी सवयीप्रमाणे फेऱ्या मारत होतो. हातातला नट निसटून पडला आणि गडगडत डावीकडे गेला. उचलून परत ठेवला, परत गेला. मी म्हणालो, भाई, गाडी नाही, तुमचं आवारच डावीकडे उतरतं आहे.

सलीमभाईला ते मुळीच पटेना. "मी पयल्यापासून इथंच मापून राह्यलो. जमीन खाली असंल तर मंग मी बांधलेल्या बाकीच्या गाड्या?"

तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. ड्रायव्हरने सलीमभाईला हात केला. आम्ही सगळ्यांनी मान वळवून त्या ट्रककडे बघितलं. तो उजवीकडे कललेला होता.

सलीमभाईने अदबीने हात वर केला. मग वाढवलेली पट्टी काढली आणि आमची गाडी वजनकाट्यावर नेली, कारण तिथला प्लॅटफॉर्म सपाट असतो. काटेवाला म्हणाला, रिकाम्या गाडीचं वजन कशाला? सलीमभाई म्हणाला, "वजन नको, थोडी जमीन दे."

*

आमच्याकडे बांधलेली गाडी आधी राजूरच्या गणपतीला न्यायची पद्धत आहे. नारळ फुटतो आणि ट्रायलही होते. मामा स्टिअरिंगवर, मधे सलीमभाई, खिडकीशी मी.

गाव सुटलं आणि गाडी उजवीकडे सरकायला लागली. मामाने सावरली. परत सरकली. समोरून एस.टी. आली तेव्हा तर इतकी आत गेली की एस.टी.च्या ड्रायव्हरने आमच्या सात पिढ्या काढल्या. मामा घामाघूम झाला. "सलीम, डावीकडला रोग तू उजवीकडं नेला," तो म्हणाला.

सलीमभाईने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. सरळ रस्ता आला तसे मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. गाडी तसूभरही बाजूला सरकली नाही. मी पटकन हात परत ठेवले, पण मामाने ते बघितलं होतं.

राजूरला नारळ फोडून झाल्यावर मामा गाडीजवळ येऊन पुढच्या चाकापाशी उभा राहिला. "इतकी वर्सं ही मला वढत व्हती," तो म्हणाला. "आता मीच हिला वढून राह्यलो." मग किल्ली माझ्याच हातात राहू दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन बसला.

परतताना मी गाडी इतकी हळू चालवली की कापसाचा ट्रॅक्टर पुढे निघून गेला. मी तिरक्या नजरेने बघत होतो. मामाचा उजवा हात मांडीवर होता, मूठ वळलेली, आणि ती मूठ राहून राहून पोटाकडे ओढली जात होती. त्याचं त्याला कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पैसा, वेळ, पितळ, पोलाद, सगळं घातलं आणि मामाला गाडीवरून उतरवणारा मीच निघालो.

मग मामाने डाव्या हाताने ती मूठ धरली. धरूनच ठेवली. शेतं गेली, एक फाटा गेला, पेट्रोल पंप गेला. जालन्याच्या अलीकडे केव्हातरी मी बघितलं तर डावा हात बाजूला झालेला होता आणि उजवा मांडीवर पालथा पडला होता, अगदी मोकळा.

"थांबीव," मामा म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली. मामा उतरला, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आला आणि दार उघडलं.

"उतर. जा तिकडं."

मी उतरलो. मामा वर चढला. सलीमभाईने हळूच बिस्मिल्ला म्हटलं आणि समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.